२० सेकंद, ६ वर्षं : अविनाश साबळेच्या धावण्यातून दुकानदारासाठी ५ धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका खेळाडूचा प्रवास बघितला. व्हिडिओत आकडे भरभर निघून जातात, म्हणून ते सगळे इथे नीट मांडतोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे आणि तो वाचून सोडून द्यायचा नाहीये.

प्रत्येक बॅचमध्ये मला एक प्रश्न हमखास येतो : "सर, सहा महिन्यांत सेट होईल असा एखादा धंदा सांगा." विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा घरच्यांचा पैसा असतो. कुणी सोयाबीन विकून बाजूला ठेवलेले लाख-दीड लाख, कुणी आईचे दागिने गहाण ठेवून उचललेले. हा पैसा एकदा बुडाला की पुन्हा उभा करायला चार-पाच वर्षं जातात, आणि घरात "तुझ्या धंद्याच्या नादाने" हे वाक्य कायमचं राहतं. म्हणून मी या प्रश्नाला गोड उत्तर देत नाही. सहा महिन्यांत सेट होणारा धंदा मला माहीत नाही. पण थोडं थोडं करून पुढे जायची पद्धत माहीत आहे, आणि ती पद्धत आकड्यांसकट दाखवून देणारा माणूस आपल्याच मराठवाड्यातला आहे.

कोण हा अविनाश साबळे?

बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. जन्म १३ सप्टेंबर १९९४. घर शेतकऱ्याचं, आणि ती शेती कोरडवाहू पट्ट्यातली, म्हणजे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आई-वडिलांनी वीटभट्टीवरही काम केलं. शाळा सुमारे ६ किलोमीटर लांब, जायला गाडी नाही, त्यामुळे पोरगा चालत-पळत जायचा.

इथे बरेच जण म्हणतात, "बघा, लहानपणापासून पळत होता म्हणून ऑलिम्पिकला गेला." मला हे पटत नाही. शाळेत पळत जाणारी पोरं आपल्या जिंतूर तालुक्यातही भरपूर होती आणि आहेत. अविनाशचा खरा प्रवास त्यानंतर सुरू होतो. बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटची ५ वी बटालियन. सियाचीनच्या बर्फात ड्यूटी केली, राजस्थानच्या वाळवंटात केली, सिक्कीममध्ये केली. स्पर्धेतलं धावणं सुरू झालं २०१५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या विशीनंतर, आणि तेही सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतींतून.

आज त्याच्या नावावर ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य (बर्मिंगहॅम, २०२२), आशियाई स्पर्धेचं सुवर्ण (हांगझोऊ, २०२३) आणि अर्जुन पुरस्कार आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराच्या फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

आता धडे.

धडा १ : शर्यत निवडताना गर्दी बघू नका, आपली ताकद बघा

स्टीपलचेस म्हणजे काय ते आधी समजून घ्या. ३,००० मीटर धावायचं, साधारण साडेसात फेऱ्या. वाटेत २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा अडथळ्यापुढचा पाण्याचा खड्डा. एकूण ३५ उड्या. साध्या हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो आणि खेळाडू पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा जड असतो, तो पडत नाही. धडकलात तर तुम्हीच पडता.

अविनाश क्रॉस कंट्रीत चांगला होता. सैन्यातले कोच अमरीश कुमार यांनी त्याला हेरलं आणि स्टीपलचेसकडे वळवलं. नुसता वेग लागणाऱ्या शर्यतीत त्याच्यापेक्षा चपळ पोरं देशात असतील. पण दम, पायातली ताकद आणि खाचखळग्यांत धावायची सवय, हे तिन्ही एकत्र लागणारा प्रकार होता स्टीपलचेस. आणि भारतात या प्रकाराचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तसाच पडून होता. गोपाल सैनी यांचा, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. म्हणजे ३७ वर्षं या काउंटरवर कुणी नवीन माल लावलाच नव्हता!

आपल्याकडं काय होतं? एका रस्त्यावर एक मोबाइल शॉपी चालली की वर्षभरात तिथं चार होतात. शेजाऱ्याचं चालतंय म्हणून आपलंही चालेल, हा हिशोब चुकीचा आहे. स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला कोणतं काम इतरांपेक्षा बरं जमतं? ते काम लागणारं गिऱ्हाईक माझ्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात आहे का? आणि त्या गिऱ्हाइकाला आज ते काम कुणाकडून नीट मिळत नाहीये का? शिलाई येते, शेजारी दोन-तीन शाळा आहेत, आणि युनिफॉर्म दुरुस्तीला कुणीच नाही, तर तुमची शर्यत तुम्हाला सापडली. तिथे साडीचं दुकान टाकायची गरज नाही.

धडा २ : पगार चालू ठेवून तयारी करा

हा धडा व्हिडिओवर टाळ्या मिळवत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

अविनाशने "सगळं सोडून" धावणं सुरू केलं नाही. तो सैनिक होता. महिन्याला पगार येत होता, राहण्या-खाण्याची सोय होती, घरी पैसे जात होते. त्या आधारावर तो सराव करत होता. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. विचार करा, सगळं सोडून धावणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराचं त्या वेळी काय झालं असतं? अविनाश मात्र बरा होऊन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परत ट्रॅकवर आला.

यूट्यूबवर तुम्हाला "नोकरीला लाथ मारा आणि मालक व्हा" सांगणारे खूप भेटतील. मी सांगतो, नोकरी असेल तर टिकवा, शेती असेल तर करत राहा, आणि संध्याकाळचे दोन तास व रविवार धंद्याला द्या. धंद्याने सलग सहा महिने स्वतःचा खर्च स्वतः काढला, की मग पुढचा विचार करा. आणि दुकान आधीच सुरू असेल, तर किमान तीन महिन्यांचं भाडं, लाइट बिल आणि कर्जाचा हप्ता भागेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. आजारपण, दुखापत, पाऊस न पडणं, या गोष्टी विचारून येत नाहीत. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत अविनाशच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. इतक्या वरच्या पायरीवरच्या माणसाला हे चुकलं नाही, आपल्याला कसं चुकेल?

धडा ३ : कालच्या आपल्याच आकड्याशी स्पर्धा करा

आता वही उघडा आणि हे लिहून घ्या. अविनाशने राष्ट्रीय विक्रम एकदा नाही, १० वेळा मोडला. त्यातले पुढचे ९ विक्रम तर त्याचे स्वतःचेच होते.

१. सप्टेंबर २०१८, भुवनेश्वर : ८ मिनिटं २९.८० सेकंद
२. मार्च २०१९, पतियाळा : ८ मि. २८.९४
३. ऑक्टोबर २०१९, दोहा (जागतिक स्पर्धा, हीट) : ८ मि. २५.२३
४. ऑक्टोबर २०१९, दोहा (फायनल) : ८ मि. २१.३७
५. मार्च २०२१, पतियाळा : ८ मि. २०.२०
६. जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक : ८ मि. १८.१२
७. मार्च २०२२, तिरुवनंतपुरम : ८ मि. १६.२१
८. जून २०२२, रबात : ८ मि. १२.४८
९. ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम : ८ मि. ११.२०
१०. जुलै २०२४, पॅरिस डायमंड लीग : ८ मि. ०९.९१

नीट बघा. पहिल्यांदा जुना विक्रम मोडला तो फक्त १.०८ सेकंदाने. दुसरी सुधारणा एका सेकंदापेक्षाही कमी. सगळ्यांत मोठी उडी ३.८६ सेकंदांची, म्हणजे एकदाही ४ सेकंद नाही. आणि पहिल्या ते दहाव्या विक्रमात एकूण फरक किती? १९.८९ सेकंद. सुमारे सहा वर्षांत २० सेकंद.

टक्क्यांत काढलं तर हा फरक ४ टक्क्यांच्याही किंचित आत बसतो. या ४ टक्क्यांनी देशातला चांगला धावपटू ऑलिम्पिकच्या फायनलला नेऊन बसवला.

"सर, ४ टक्क्यांनी दुकानात काय होतंय?" चला, मांडून बघू. समजा, तुमचं छोटं जनरल स्टोअर आहे.

महिन्याची विक्री १,५०,००० रुपये. मालाची खरेदी १,२७,५००. हातात उरले २२,५००. त्यातून भाडं ५,०००, लाइट १,२००, हाताखालच्या पोराचा पगार ६,०००, किरकोळ १,८००. एकूण खर्च १४,०००. तुमच्या घरी जाणारे : ८,५०० रुपये.

आता तीनच गोष्टी करा. एक, विक्री ४ टक्के वाढवा, म्हणजे १,५६,०००. दिवसाला फक्त २०० रुपयांची जादा विक्री. दोन, खरेदी १ टक्क्याने स्वस्त पाडा : दोन ठोक व्यापाऱ्यांकडून भाव घ्या, रोख देऊन सूट मागा. तीन, खर्च ४ टक्के कमी करा, म्हणजे ५६० रुपये.

नवीन हिशोब : १,५६,००० च्या विक्रीला जुन्या भावाने १,३२,६०० चा माल लागला असता, १ टक्का कमी म्हणजे १,३१,२७४. हातात २४,७२६. खर्च १३,४४०. घरी जाणारे : ११,२८६ रुपये.

८,५०० चे ११,२८६. नफा जवळपास ३३ टक्क्यांनी वाढला. दुकान तेच, गल्ली तीच. नवीन कर्ज नाही की नवीन फर्निचर नाही. छोट्या दुकानाचा नफा हा मोठ्या विक्रीतून उरलेला पातळ थर असतो. म्हणून इकडे-तिकडे दोन-चार टक्के हलले की तो थर एकदम जाड होतो. आणि उलटंही तितकंच खरं आहे. उधारी ४ टक्के बुडाली, तर महिन्याचे ६,००० गेले, म्हणजे तुमच्या ८,५०० मधले बहुतेक गेले. ज्याने आकडा लिहिलेला नाही, त्याला हे घरातला किराणा संपल्यावर कळतं.

धडा ४ : आकडा तुमच्या हातात, निकाल नेहमी नाही

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अविनाशने राष्ट्रीय विक्रम केला. १९५२ नंतर ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसला पात्र ठरलेला तो पहिला भारतीय पुरुष होता. आयुष्यातली तोवरची सर्वोत्तम धाव, पण हीटमध्ये सातवा आला आणि फायनल हुकली.

बर्मिंगहॅमला पुन्हा आयुष्यातली सर्वोत्तम धाव, ८ मि. ११.२० सेकंद. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मि. ११.१५. फक्त ०.०५ सेकंदाने सुवर्ण गेलं. पण १९९४ नंतर राष्ट्रकुलच्या या शर्यतीत पदक घेणारा केनियाबाहेरचा तो पहिलाच खेळाडू ठरला.

आता उलटं बघा. ऑगस्ट २०२३, बुडापेस्टची जागतिक स्पर्धा. प्रत्येक हीटमधले पहिले पाचच फायनलला जाणार होते, हा सातवा आला. घरी परत. दीड महिन्यात, १ ऑक्टोबरला हांगझोऊ. तिथे शर्यतीचा बराच भाग स्वतः पुढे राहून ८ मि. १९.५० ला सुवर्ण. हा वेळ त्याच्या स्वतःच्या विक्रमापेक्षा ८ सेकंदांहून जास्त होता!

म्हणजे सर्वोत्तम धावून तो बाहेर पडला आणि कमी वेगात धावून सुवर्ण घेऊन आला. धंद्यातही असंच असतं. तुम्ही दुकान सगळ्यांत नीट चालवलंत, आणि त्याच वर्षी कापसाला भाव नाही, लोकांच्या हातात पैसा नाही, तर गल्ला कमीच भरणार. एखाद्या वर्षी सणावाराच्या तोंडावर शेतमालाचे पैसे आले, तर साधारण चालवलेलं दुकानही भरून वाहतं. म्हणून वाईट सिझनला स्वतःला नालायक म्हणू नका आणि चांगल्या सिझनला स्वतःला हुशार समजून दुसरं दुकान काढू नका. दर महिन्याला दोन वेगळ्या ओळी लिहा. पहिल्या ओळीत मी काय केलं : खरेदीचा भाव, वसूल केलेली उधारी, पडून राहिलेला माल. दुसऱ्या ओळीत बाजाराने काय दिलं. पहिली ओळ सुधारत असेल तर टिकून राहा. पहिली ओळ सहा महिने हललीच नाही, तर मात्र बाजाराला दोष देऊ नका.

आणि एक गोष्ट. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२४, या जवळपास दोन वर्षांत अविनाशचा स्टीपलचेसचा विक्रम जागचा हलला नाही. याच काळात आशियाई सुवर्ण आलं. आकडा थांबला म्हणजे सगळं थांबलं असं नसतं.

धडा ५ : दुसरं काउंटर पहिल्याच्या ताकदीवर उभं करा

अविनाश फक्त स्टीपलचेसच धावला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली हाफ मॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. २०२२ मध्ये ५,००० मीटरचा बहादूर प्रसाद यांचा ३० वर्षं जुना विक्रम मोडला. हांगझोऊला सुवर्णासोबत ५,००० मीटरचं रौप्यही आणलं.

यातलं एकही काम त्याच्या मूळ कामापासून लांबचं नाही. तोच दम, तेच पाय, तोच सराव. तो भालाफेक शिकायला गेला नाही.

आपण काय करतो? स्टेशनरीचं दुकान जरा चाललं की कुणीतरी सांगतं, "कोंबड्यांत लई पैसा आहे," आणि गल्ल्यातला पैसा शेडमध्ये जातो. नवीन काम घेताना बघा : गिऱ्हाईक तेच आहे का? जागा तीच वापरता येते का? माझं शिकलेलं कामाला येतंय का? तिन्हीपैकी दोन उत्तरं "हो" असली तर विचार करा. स्टेशनरीशेजारी झेरॉक्स, फॉर्म भरणं, लॅमिनेशन, हे तुमचं ५,००० मीटर आहे. कोंबड्या हा चांगला धंदा आहे, पण ज्याला त्यातलं कळतं त्याच्यासाठी.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर मागच्या महिन्याचे चार आकडे लिहा : विक्री, खरेदी, खर्च, उरलेली उधारी. माहीत नसतील तर आजपासून रोज रात्री शटर ओढायच्या आधी लिहायला सुरुवात करा. धंदा अजून सुरू केला नसेल, तर घरखर्चाचे आकडे लिहा. सवय तीच लागते.

२. चारपैकी एकच आकडा निवडा आणि पुढच्या ३० दिवसांत तो फक्त १ टक्का सुधारायचं ठरवा. सगळे एकदम नको.

३. तुमच्या धंद्यातला तुमच्यापेक्षा चांगला चालणारा एक दुकानदार शोधा, परभणीत, सेलूत, जालन्यात कुठेही. अर्धा दिवस काढून त्याचं दुकान बघून या. माल कसा लावलाय, गिऱ्हाइकाशी कसं बोलतो, उधारी कशी नाकारतो. अविनाश पुढे अमेरिकेत कोलोरॅडोला जाऊन सराव करत होता, आपल्याला एसटीने सेलूपर्यंत जायला काय हरकत आहे?

४. महिना संपला की वहीत नवीन आकडा जुन्याच्या खाली लिहा. शेजारी तारीख टाका. जुना आकडा खोडू नका.

दहा महिन्यांनी त्या पानावर दहा ओळी होतील. काही ओळी जागच्या जागी असतील, एखादी मागे गेलेली असेल. पण तेव्हा कुणी विचारलं "धंदा कसा चाललाय?", तर "चाललंय बरं" असं मोघम उत्तर द्यावं लागणार नाही. आणि घरच्यांनी विचारलं "आमच्या पैशाचं काय केलंस?", तर वही पुढे ठेवता येईल.

पुढच्या भागात उधारीची वही : कुणाला द्यायची, किती द्यायची आणि नातेवाइकाला नाही कसं म्हणायचं. तोपर्यंत वही सुरू करा. भेटूया!